द गूस स्टेप्स आउट

‘द गूस स्टेप्स आउट’ हा लंडनच्या ईलिंग स्टुडिओचा १९४२ साली प्रदर्शित झालेला कृष्णधवल विनोदी चित्रपट आहे. निर्माते मायकेल बाल्कन यांच्यासाठी तो विनोदी अभिनेते विल हे (Will Hay) आणि बेसिल डिअर्डन या दोघांनी मिळून दिग्दर्शित केला व प्रमुख भूमिकाही विल हे यांनीच केली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये निघालेल्या खुळचट फार्सांपैकी हा एक असून आज तो फारसा कोणाला ठाऊक नाही. ज्यांना ठाऊक आहे ते मात्र तो पुन्हा पुन्हा पाहतात.

विल्यम पॉट्स हा वेंधळा शाळामास्तर पकडलेल्या एका जर्मन हेरासारखा हुबेहूब दिसतो. म्हणून ब्रिटिश गुप्तचर खाते त्याला त्या हेराच्या जागी जर्मनीत पाठवते आणि नव्या बॉम्बचे गुपित हस्तगत करण्याची कामगिरी त्याच्यावर सोपवते. तेथे त्याच्या गळ्यात पडते ती मास्तरकीच. इंग्लंडमध्ये इंग्रज म्हणून वावरू शकतील असे तरुण नाझी हेर तयार करणाऱ्या संस्थेत त्याला इंग्रजांच्या चालीरीती शिकवायच्या असतात.

चित्रपटाचा जीव या वर्गात आहे. बोटांचा ‘व्ही’ ही विजयाची खूण १९४१पासून ब्रिटनभर पसरली होती. पण तळवा स्वतःकडे वळवून तीच दोन बोटे दाखवली, तर ब्रिटनमध्ये ती सरळसरळ शिवी ठरते. पॉट्स हा दुसरा प्रकार आदर व्यक्त करण्याची इंग्रजी रीत म्हणून शिकवतो, आणि सगळा वर्ग भिंतीवरच्या हिटलरच्या तसबिरीला गंभीर चेहऱ्याने ही शिवी हासडतो. येथे कोणी घसरून पडत नाही की कोणाला मार बसत नाही. विद्यार्थी बिनडोक आहेत म्हणूनही हसू येत नाही. सांगितलेले विचार न करता पाळण्याची त्यांना सवय आहे, म्हणून येते. १९४२च्या फेब्रुवारीत सिंगापूर आणि जूनमध्ये उत्तर आफ्रिकेतले टोब्रुक ब्रिटनच्या हातून गेले होते. अशा काळात अजिंक्य वाटणाऱ्या शत्रूच्या शिस्तीलाच त्याची दुखरी नस ठरवणारा हा विनोद प्रेक्षकांना किती हवासा वाटला असेल, हे समजण्यासारखे आहे.

नायकाची घडण हेही या आकर्षणाचे मोठे कारण आहे. विल हे (१८८८–१९४९) यांनी ब्रिटनमधल्या ‘म्युझिक हॉल’ या विविधरंगी करमणुकीच्या रंगमंचावर वर्षानुवर्षे एकच पात्र घोटले होते: नाकावर चिमटी चष्मा लावलेला, विषयात कच्चा, पोरांनी अडचणीचा प्रश्न विचारला की आवाज चढवून वेळ मारून नेणारा मास्तर. युद्धपटातही त्यांनी त्याला शूर केले नाही. तो थापा मारतो, अंगाशी आले की बावरतो आणि तरीही निभावून नेतो. त्यामुळे सामान्य माणसाला तो आपला वाटतो. प्रत्यक्षात विल हे व्यासंगी हौशी खगोल-अभ्यासक होते आणि ऑगस्ट १९३३मध्ये शनीवरील पांढरा ठिपका त्यांनी आपल्या घरच्या दुर्बिणीतून शोधला होता. अज्ञानाचे इतके अचूक सोंग वठवायला खरे ज्ञान लागते, असे त्यांचा अभिनय पाहताना वाटत राहते.

वर्गातल्या बाकांवरही लक्ष ठेवावे. पुढे ख्यातनाम झालेले पीटर उस्तिनॉव्ह येथे विशीच्या उंबरठ्यावर दिसतात, तर ‘कॅरी ऑन’ या ब्रिटिश विनोदी चित्रपटमालिकेमुळे घराघरांत पोचलेले चार्ल्स हॉट्रे यांच्या किरकोळ अंगकाठीमुळे प्रत्येक दृश्य अधिक हास्यास्पद होते. सह-दिग्दर्शक डिअर्डन यांनी नंतर ‘सफायर’ (१९५९) आणि ‘व्हिक्टिम’ (१९६१) यांसारखे गंभीर सामाजिक चित्रपट केले.

चित्रपट सगळीकडे सारखा रंगत नाही. कथानक ढिले आहे, आणि वर्ग सोडून गोष्ट विमानातल्या पळापळीकडे वळते तेव्हा शाब्दिक विनोदाची धार बोथट होते. नाझी राजवटीचे क्रौर्य तर त्यात जवळजवळ उमटतच नाही, आणि पुढचा इतिहास माहीत असलेल्या प्रेक्षकाला ही उणीव खटकल्याशिवाय राहत नाही. विल हे यांचे नाव निघाले की रसिक ‘ओ, मिस्टर पोर्टर!’ (१९३७) या चित्रपटाचीच आठवण काढतात. विनोदाची एकसंध बांधणी पाहता ते योग्यही आहे. पण तसबिरीसमोरच्या त्या प्रसंगाच्या तोडीचा प्रसंग ‘ओ, मिस्टर पोर्टर!’मध्येही नाही.