मेणकिड्याला खान्देशची थंडी वाजत नाही

युट्यूबवर युरोप-अमेरिकेचे व्हिडिओ बघून आपल्याकडचे बरेच मधपाळ धरून चालतात की हिवाळा लागला म्हणजे मेणकिडा (ज्याच्या अळ्या मधमाश्यांचं पोळं पोखरतात तो पतंग) संपला, आता रिकाम्या फ्रेमा, म्हणजे पेटीतल्या पोळ्यांच्या लाकडी चौकटी, कुठल्याही खोलीत रचून ठेवल्या तरी चालतं. तिकडे चालत असेल, तिकडे आठवडेच्या आठवडे सगळं गोठलेलं असतं. आपल्या जळगाव-धुळ्याला पहाटे पारा ८-१० वर आला की पेपरात हुडहुडीची बातमी येते, पण दुपारी तोच पारा ३० जवळ जातो ना भो, आणि मेणकिड्याच्या अळीला सगळ्यात मानवतं ते २९ ते ३३ अंश. पहाटे ती थांबते, मरत नाही, ऊन चढलं की परत सुरू.

बरं ही अळी नुसत्या मेणावर जगत नाही. जुन्या काळपट पोळ्यात जिथे पिल्लं वाढलेली असतात तिथे घरांना आतून कोशांचं अस्तर, कात, परागकण चिकटलेले असतात, तिला खरं ते पाहिजे असतं. म्हणून फक्त मध भरलेली पांढरी फ्रेम बऱ्याचदा वाचते आणि शेजारची काळी फ्रेम खलास होते. पतंग तर काही खातच नाही, मादी फटीफटीत ३००-६०० अंडी घालून मोकळी होते. फ्रेम सूर्यासमोर धरून बघा, पोळ्याच्या मधोमध पांढऱ्या रेशमाची बारीक वाट दिसली आणि पेटीच्या तळाला मिरपूड सांडल्यासारखे काळे कण असले तर अळी आत आहे. लाकडावर बोट फिरवलं तर लांबट खड्डेही लागतात, कोष करायच्या आधी ती लाकूड कोरून त्यात बसते.

पातळ कॅरीबॅगेत गुंडाळून उपयोग नाही. फेडेरिका बेर्तोकिनी नावाच्या शास्त्रज्ञ बाईंनी, त्या स्वतः मधमाश्या पाळायच्या, पोळी साफ करून अळ्या पिशवीत टाकल्या तर थोड्या वेळात पिशवीला भोकं! त्यावरचा अभ्यास २०१७ साली छापून आला, अळी पॉलिथिनसुद्धा फोडते म्हणून जगभर बातमी झाली.

खात्रीचा उपाय डीप फ्रीजर. उणे ७ ला साडेचार तास, उणे १५ ला दोन तास, एवढ्यात अंड्यासकट सगळं मरतं, पण गारवा पोळ्याच्या आतपर्यंत पोचायला वेळ लागतो म्हणून आइस्क्रीमवाल्याच्या फ्रीजरमध्ये एक-दोन दिवस राहू द्या आणि काढल्यावर घट्ट झाकणाच्या पेटीत बंद करा, नाहीतर नवीन पतंग येऊन परत अंडी घालेल. रावेर-सावद्याकडे कोणी म्हणेल केळीचं कोल्ड स्टोरेज आहे की, तर तिथे १३-१४ अंश असतात, त्यात अळी नुसती आळसावते.

डांबर गोळ्या मात्र अजिबात नको. मेण तो वास शोषून घेतं, पुढे तो मधात उतरतो. याच कारणाने कपाशीच्या फवारणीचे डबे असलेल्या खोलीत पण फ्रेमा ठेवू नका, आणि कापूस भरलेली खोली तर अंधारी, उबदार, वर उंदीर. त्यापेक्षा गोठ्याच्या छपराखाली दोन बांबूंवर एकेक फ्रेम दोन बोटं अंतर सोडून टांगा, उजेड आणि वारा मेणपतंगाला आवडत नाही. मध लागलेली फ्रेम तिथे टांगू नका, माश्यांची लूट सुरू होईल.

गंधकाची धुरी उघड्यावर, स्वतः लांब उभं राहून, पेटी बंद करून देता येते. ती अळी मारते, अंडी सोडते, आणि थंडीत अंडी फुटायला वेळ घेतात म्हणून दोन-तीन आठवड्यांनी परत द्यावी लागते.

माझं मत विचाराल तर जेवढ्या फ्रेमा बसतील तेवढ्या भरपूर माश्या असलेल्या भरभक्कम पेटीवरच चढवा. आपल्याकडे माश्या जानेवारीतही दुपारी उडतात, फ्रेमांवर फिरतात, अळी दिसली की ओढून बाहेर टाकतात. कमजोर पेटीवर चढवलं तर मात्र फ्रेमा जातील आणि पेटीही. ज्या फ्रेमा उन्हाकडे धरल्यावर आरपार दिसतच नाहीत त्या सांभाळत बसू नका, वितळवून टाका, मेण थोडंच निघेल पण किड्याचं खाद्य तरी संपेल.