उतारावरची धूप आणि लागवड (ठाणे, नवी मुंबई)

उताराला नीट आकार देऊन त्यावर गवत, झुडपं, झाडं लावायची आणि माती जागच्या जागी धरून ठेवायची, अशी ही पद्धत. येऊर, मुंब्रा, पारसिक, खारघर या टेकड्यांवर सगळीकडे खाली बेसाल्ट (काळा खडक), त्यावर मुरूम आणि मातीचा पातळ थर. वर्षाचा साधारण 2500 मिमी पाऊस, तोही बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्येच, त्यामुळे बांधकामासाठी उतार कापून उघडा सोडला की लगेच ओघळी पडतात, त्यांच्या घळी होतात आणि गाळ नाल्यांतून ठाणे खाडीत जातो.

समतल चर (उताराला आडवे, एकाच पातळीत खणलेले), दगडी बांध, भाताची मजगी (उतारावरची पायऱ्यांची खाचरं) हे सगळं कोकणाला जुनंच आहे. चर मात्र खरंच समपातळीत पाहिजे, नाहीतर पाणी एका टोकाला जमतं आणि तिथूनच फुटतं.

लागवडीत सगळ्यात जास्त अभ्यास झालाय तो वाळ्याचा, म्हणजे खस गवताचा. याची मुळं आडवी न पसरता सरळ खाली जातात, चांगल्या जमिनीत 3 मीटरपर्यंत, आणि 1990 च्या दशकातल्या मलेशियातल्या चाचण्यांत मुळांची ताणशक्ती (ओढल्यावर तुटेपर्यंत सोसलेला ताण) सरासरी 75 मेगापास्कल भरली. वाळ्याच्या ओळींनी धूप रोखायची कल्पना नेमकी कुठली यावर दोन मतं आहेत. एक मत फिजीतल्या उसाच्या मळ्यांचं, तिथे 1950 च्या दशकात जॉन ग्रीनफिल्ड यांनी ती वापरली आणि 1980 च्या दशकात जागतिक बँकेच्या कामातून ग्रीनफिल्ड आणि रिचर्ड ग्रिमशॉ या दोघांनी ती भारतात पसरवली. दुसरं मत म्हणजे म्हैसूरकडचे शेतकरी त्याच्या बऱ्याच आधीपासून बांधावर वाळा लावत होते. दुसरं जास्त पटतं, निदान बांधावरच्या वापरापुरतं तरी, समपातळीतल्या ओळींचं तंत्र मात्र फिजीतूनच पक्कं झालेलं दिसतं. वनस्पतीच्या नावाचाही असाच घोळ, वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1771 मध्ये तिला फॅलॅरिस या गटात घातलं, पुढे ती व्हेटिव्हेरिया झाली, आता शास्त्रीय नाव क्रायसोपोगॉन झिझॅनिऑइडिस. उत्तर भारतातला वाळा बी धरतो, दक्षिणेकडचा जवळजवळ धरत नाही, म्हणून लागवडीला दक्षिणेकडचाच घ्यावा, तो तणासारखा पसरत नाही.

ठोंब फोडून फुटवे 10 ते 15 सेंमीवर, पाऊस धरला की लगेच लावायचे. मधे एक फुटवा मेला तरी पाणी नेमकं त्या फटीतून धावतं आणि खालची ओळ उखडतं, म्हणून पहिल्या वर्षी नांग्या भरणं (मेलेल्या फुटव्यांच्या जागी नवे लावणं) हेच खरं काम, आणि ठेकेदारीत तेच राहून जातं हे फार वाईट आहे. वरचं पातं अधूनमधून छाटलं की फुटवे दाटतात.

वाळ्याला सावली चालत नाही. येऊरच्या झाडीखाली तो लावण्यात अर्थ नाही, तिथे कारवी हे झुडूप आधीच उतार धरून आहे. कारवी सात-आठ वर्षांनी एकदम फुलते, बी धरून मरते आणि नवी रोपं पुढच्या पावसात उगवतात, तेव्हा वाळलेल्या काटक्या साफ करायची घाई करू नये. झटपट हिरवं दिसावं म्हणून गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) हे झाड बऱ्याच ठिकाणी लावतात, पण एकट्या त्याच्यावर उतार सोपवू नये, खाली गवत आणि करवंद, निर्गुंडीसारखी झुडपं हवीतच.