प्रेस्बिटेरियन मंडळ्या का फुटतात? इंदूरच्या मिशनमागची गोष्ट

प्रेस्बिटेरियन म्हणजे बिशपऐवजी निवडलेल्या वडीलधाऱ्यांच्या सभांनी चालणारे प्रोटेस्टंट ख्रिस्ती. मे २०२२ मध्ये त्यांच्यापैकीच चर्च ऑफ स्कॉटलंडच्या महासभेने आपल्या पाळकांना (धर्मगुरूंना) समलिंगी जोडप्यांचे विवाह लावण्याची मुभा दिली. आयर्लंडच्या प्रेस्बिटेरियन चर्चने तर याच विषयावरून २०१८ मध्येच स्कॉटलंडशी अंतर वाढवून, एकमेकांच्या महासभेला अध्यक्ष पाठवण्याची जुनी रीत बंद केली होती. कॅनडाच्या चर्चने २०२१ मध्ये विवाहाच्या दोन्ही व्याख्या, स्त्री-पुरुषांचा आणि कोणत्याही दोन प्रौढांचा, शेजारी-शेजारी मान्य केल्या. मेक्सिकोच्या चर्चने त्याआधी दहा वर्षे, २०११ मध्ये, समलिंगी पाळकांच्या प्रश्नावरून अमेरिकेतल्या चर्चशी फारकत घेतली. आमच्या इंदुरात या बातम्या कुणाच्या गावीही नसतात. पण किशोरकुमार ज्या क्रिश्चियन कॉलेजात शिकले, ते याच परंपरेतून उभे राहिले.

या परंपरेचा कणा म्हणजे मंडळीचे (स्थानिक चर्चच्या सभासदांचे) वडील, म्हणजे त्यांनी निवडलेले वडीलधारे प्रतिनिधी. १५६० च्या सुमारास धर्मसुधारक जॉन नॉक्सच्या स्कॉटलंडमध्ये ही घडी बसू लागली. इथे बिशप नाही. मंडळी आपले वडील निवडते. ते आणि पाळक मिळून प्रेस्बिटरीत (आसपासच्या मंडळ्यांच्या सभेत), सिनॉडमध्ये (त्यावरच्या प्रांतिक सभेत) आणि शेवटी महासभेत बसतात, आणि तिथे वडिलांच्या मताला पाळकाच्या मताइतकेच वजन असते. वरून हुकूम येत नाही, त्यामुळे प्रत्येक प्रश्न मतदानाला जातो. मत हरलेल्यांना सदसद्विवेक गप्प बसू देत नाही. माझ्या मते आजच्या बहुतेक फुटींचे मूळ इथे आहे, आणि याच रचनेने सामान्य माणसाला चर्चमध्ये आवाजही दिला.

सर्वांत मोठी फूट १८४३ ची. गावचा पाळक कोण, हे जमीनदाराने ठरवायचे की मंडळीने, हा प्रश्न होता. थॉमस चामर्स यांच्यासह साडेचारशेहून अधिक पाळक घर-पगार सोडून बाहेर पडले आणि फ्री चर्च जन्माला आले. मुंबईत शाळा चालवणारे स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सनही त्यांच्याबरोबर गेले. त्यांच्या शिक्षणसंस्थेची नवी इमारत जुन्या चर्चकडे राहिली आणि विल्सन यांनी शाळा पुन्हा उभी केली. जालन्याचे ख्रिस्ती पाळक नारायण शेषाद्री याच फ्री चर्चचे.

इंदूरला मिशन आले ते कॅनडाहून, १८७७ मध्ये. जे. एम. डग्लस इंदुरात आणि जे. फ्रेझर कॅम्पबेल महूला. होळकर दरबाराने शहरातल्या प्रचाराला सुरुवातीला कडक हरकत घेतली, त्यामुळे रेसिडेन्सीचा (ब्रिटिश प्रतिनिधीच्या हद्दीचा) आणि लष्करी छावणीचा आसरा घ्यावा लागला. जॉन विल्की यांनी १८८७ मध्ये कॉलेज काढले.

मला मात्र डॉक्टर बायकांचे काम अधिक मोलाचे वाटते. एलिझाबेथ बिटी १८८४ मध्ये आल्या, मॅरियन ऑलिव्हर दोन वर्षांनी. परक्या पुरुषापुढे न येणाऱ्या इथल्या बायकांवर त्यांनी उपचार केले, स्त्रियांचे इस्पितळ उभे केले. त्यांच्या स्वतःच्या चर्चमध्ये मात्र स्त्रीला पाळक होता येत नव्हते. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये ते दार १९६६ मध्ये उघडले, स्कॉटलंडमध्ये १९६८ मध्ये. ऑस्ट्रेलियाने १९७४ मध्ये दिलेली परवानगी १९९१ मध्ये काढून घेतली. मिझोरममध्ये प्रेस्बिटेरियन चर्च सर्वांत मोठे असूनही तिथे स्त्रीला पाळकाची दीक्षा देण्याचा प्रश्न अजून सुटलेला नाही.

१० जून १९२५ रोजी कॅनडातले मेथॉडिस्ट, काँग्रिगेशनल (हे दोन्ही वेगळे प्रोटेस्टंट पंथ) आणि बहुसंख्य प्रेस्बिटेरियन एकत्र येऊन युनायटेड चर्च झाले. प्रेस्बिटेरियन मंडळ्यांनी यावर मतदान केले, आणि सुमारे एक तृतीयांश प्रेस्बिटेरियन बाहेर राहिले. हजारो मैलांवरच्या त्या मतदानाने माळव्यातले मिशनही वाटले गेले. इंदूर, धार, रतलामचे काम युनायटेड चर्चकडे गेले, तर जोबट-आमखुटचे भिल्लांमधले काम बाहेर राहिलेल्या प्रेस्बिटेरियनांकडे. इथल्या मंडळ्यांना त्या मतदानात स्थान नव्हते, याची खंत वाटते.

भारतात तेव्हा वारा जोडण्याचा होता. १९२४ मध्ये युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया तयार झाले, आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्च मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया. त्यात अँग्लिकनही (इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतले) होते, म्हणून बिशपही आले. भोपाळ डायोसिसच्या (बिशपच्या अधिकारक्षेत्राच्या) बिशपांचे निवासस्थान इंदूरच्या रेसिडेन्सी भागातच आहे. वडिलांच्या सभेवर वाढलेल्या काहींना हे विलीनीकरण मानवले नाही. त्यांनी प्रेस्बिटेरियन ओळख वेगळी ठेवली, आणि जमिनी-इमारती कोणाच्या, हा वाद कोर्टात गेला.

अमेरिकेतही तीच गाठ आहे. तिथे मोठ्या प्रेस्बिटेरियन चर्चच्या घटनेनुसार स्थानिक मंडळीची मालमत्ता संपूर्ण चर्चच्या वतीने विश्वस्त म्हणून धरलेली असते. त्यामुळे विवाहाच्या प्रश्नावरून बाहेर पडणाऱ्या मंडळ्यांना प्रेस्बिटरीशी वाटाघाटी करून, अनेकदा मोठी रक्कम भरूनच आपली इमारत राखता आली. काहींना ती सोडावी लागली.