‘गागल काढून बोल’: गावातल्या काळ्या चष्म्यामागची गोष्ट

मे महिन्याच्या अखेरीस आमच्या वर्धा-यवतमाळच्या पट्ट्यात वरात निघाली, की नवरदेवाच्या डोळ्यावर काळा गॉगल असणारच. घोड्यावर बसलेला, डोक्याला बाशिंग, त्याखाली काळी काच. वरात मांडवाच्या दाराशी येते, सासू ओवाळायला ताट घेऊन पुढे होते आणि तेवढ्यात एखादी आत्या मागून त्याच्या कानाशी लागते, "गागल काढ बाप्पा, डोये दिसू दे." गॉगल निघतो, करवल्याच्या खिशात जातो. ओवाळून झालं, फोटोवाल्याने हाक मारली, की परत चढतो. हा नियम कुठं लिहिलेला नाही, पण तो मोडलेला मी पाहिलेला नाही.

ऊन तर खरंच असतं. २५ मेच्या आसपास सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो आणि नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो. नागपूरच्या डोक्यावर सूर्य बरोबर माथ्यावर येतो तो दिवसही २६ मेच्या आगेमागेच पडतो. त्या दुपारी क्षणभर उभ्या काठीची सावली नाहीशी होते. २०१३ च्या मे महिन्यात नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. असल्या उन्हात काळा चष्मा ही गरज नाही असं कोण म्हणेल? तरीही गावात गॉगल लावलेल्या माणसाकडे पाहण्याची नजर वेगळी असते. बाहेर लावला तर "हिरो झाला", घरात लावला तर "काऊन रे, घरात ऊन पडलं काय?" गरज आणि मर्यादा यांची ही ओढाताण आली कुठून, हे समजून घ्यायचं तर बरंच मागं जावं लागतं.

डोळ्यावर आडोसा धरायची कल्पना काचेहून जुनी आहे. उत्तर ध्रुवाजवळचे इनुइट शिकारी हाड, लाकूड किंवा वॉलरसच्या सुळ्याची पट्टी कोरून तिला एक बारीक आडवी फट ठेवत आणि ती डोळ्यांवर बांधत. ताज्या बर्फावर पडलेल्या अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत किरण परत फिरतात आणि काही तासांत डोळे भाजून निघतात. आपली कापसाची काळी माती याच्या अगदी उलट, ती ऊन पिऊन घेते. म्हणून आपल्याकडे डोळ्यांना त्रास खालून कमी होतो, वरून आणि समोरून जास्त. भरदुपारचं ऊन टोपी, पदर आणि भुवई मिळून बरंचसं अडवतात. सकाळी आठ-नऊचं आणि दुपारी चारनंतरचं तिरपं ऊन मात्र सरळ बुबुळावर येतं, आणि शेतात राबायच्या वेळा नेमक्या याच.

दुसरा धागा चीनचा. तिथल्या जुन्या नोंदींत धुरकट स्फटिकाच्या भिंगांचा उल्लेख येतो. बाराव्या शतकाच्या सुमारास न्यायाधीश साक्ष ऐकताना ती लावत, असं सांगतात. उन्हासाठी नाही, तर आपल्या डोळ्यातला भाव पक्षकारांना कळू नये म्हणून. म्हणजे काळी काच कुठं ढाल म्हणून आली, कुठं पडदा म्हणून. आत्याला राग येतो तो पडद्याचा. ढालीशी तिचं काहीच भांडण नाही, पण डोळ्यावर चढलेली काच दोन्हींची सारखीच दिसते.

अठराव्या शतकात लंडनच्या जेम्स एस्कॉफ नावाच्या कारागिराने निळ्या-हिरव्या काचेचे चष्मे विकले, पण तेही उन्हासाठी नव्हते. शास्त्र वापरून खरी ढाल केली इंग्रज शास्त्रज्ञ विल्यम क्रुक्स यांनी, १९१३ च्या सुमारास. काचेच्या भट्टीसमोर वर्षानुवर्षं उभ्या राहणाऱ्या मजुरांना लवकर मोतीबिंदू होतो, हे इंग्लंडमध्ये लक्षात आलं होतं. त्यावर क्रुक्स यांनी काचेत वेगवेगळे धातू मिसळून पाहिले आणि सिरियम असलेली काच अतिनील किरण अडवते हे दाखवून दिलं. मला या इतिहासातली ही सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते. डोळ्यासाठी विचारपूर्वक बनवलेली रंगीत काच आधी मजुरासाठी होती. गावातल्या लोहाराच्या भात्यासमोर आणि आता वेल्डिंगच्या दुकानात जी काळी काच दिसते, ती याच घराण्यातली.

मग ती मजुराकडून सुटली. १९२९ मध्ये अमेरिकेतल्या अटलांटिक सिटीच्या समुद्रकाठी सॅम फॉस्टर यांनी सेल्युलॉइडचे स्वस्त गॉगल विकायला काढले. त्यानंतरच्या दहा वर्षांत एडविन लँड यांची चकाकी कमी करणारी पोलरॉइड काच आली आणि वैमानिकांसाठीचा थेंबाच्या आकाराचा ‘एव्हिएटर’ आला. दुसऱ्या महायुद्धात सेनापतींचे फोटो छापून आले आणि काळा चष्मा हुकमतीची खूण झाला. पुढं टुरिंग टॉकीजच्या तंबूत तो पडद्यावर दिसला, तालुक्याच्या जत्रेत रंगीत प्लॅस्टिकचा होऊन सुतळीवर टांगला गेला. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल ओढणाऱ्या पोरांच्या नाकावर आजही तोच असतो. ‘गॉगल’ हा शब्दही गमतीचा आहे. इंग्रजीत त्याचा मूळ अर्थ डोळे गरगरा फिरवणं, वटारून पाहणं. मग तो कामावर वापरायच्या बंदिस्त चष्म्याला लागला. आपण तो उन्हाच्या चष्म्याला लावला आणि वऱ्हाडीत त्याचा ‘गागल’ केला.

पण आमच्या गावात काळा चष्मा पहिल्यांदा आला तो हिरोच्या डोळ्यावर नाही. तो आला माझ्या आजीच्या डोळ्यावर.

राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ मध्ये सुरू झाला आणि नेत्रशिबिरं खेड्यापाड्यात पोचली. शाळेच्या वर्गात बाकं सरकवून खाटा टाकत. मोतीबिंदू ‘पिकला’ की ऑपरेशन, अशी तेव्हाची रीत होती. डोळ्यातलं गढूळ भिंग काढून टाकत, पण त्या जागी नवं बसवत नसत. लंडनमध्ये हॅरोल्ड रिडली यांनी डोळ्यात कृत्रिम भिंग बसवलं ते १९४९ मध्ये, पण आमच्या शिबिरांपर्यंत ते यायला चार दशकं लागली. तोवर पट्टी सुटली की कपाळावरून लोंबणारा हिरवा कपडा, मग काळा चष्मा आणि शेवटी बाटलीच्या बुडासारख्या जाड भिंगाचा चष्मा, असा क्रम असे.

आजीचा काळा चष्मा मला अजून जसाच्या तसा दिसतो. हिरवट काळं प्लॅस्टिक, दोन्ही बाजूंना झापडं, एक दांडी सैल झालेली म्हणून तिथं पांढरा दोरा गुंडाळलेला. रात्री तो देवळीत, चिमणीच्या शेजारी. ती तो स्वयंपाकघरातही लावायची, कारण चुलीचा जाळ तिला सहन होत नसे. त्यामागचं कारण मला फार नंतर कळलं. आपल्या डोळ्यातलं नैसर्गिक भिंग अतिनील किरण शोषून घेतं. ते काढलं की आत थेट प्रकाश शिरतो, वर बाहुली मोठी करणारं औषध डोळ्यात घातलेलं असतं, आणि धुराचा, धुळीचा, नकळत चोळणाऱ्या हाताचाही आडोसा हवा असतो. तरी गावातलं कुणी मोठं माणूस ओसरीवर आलं, की आजी आधी चष्मा काढायची आणि मग पदर पुढं ओढायची. डोळ्यातून पाणी वाहत असे, पण चष्मा लावून समोर बसायचं नाही. डॉक्टरांनी तिला चष्मा कधी लावायचा ते सांगितलं होतं. मोठ्यांसमोर काढायची गरज नाही, हे सांगायला मात्र कुणी नव्हतं.

१९९० च्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीने सात राज्यांत मोतीबिंदूचा मोठा प्रकल्प झाला, त्यात महाराष्ट्र होता. शाळेतली ऑपरेशनं हळूहळू थांबली, पेशंट गाडीत बसून दवाखान्यात जाऊ लागले आणि डोळ्यात भिंग बसवून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी परत येऊ लागले. जाड भिंगांचे चष्मे गावातून दिसेनासे झाले. काळा चष्मा राहिला. आजही एखाद्या म्हाताऱ्याच्या डोळ्यावर तो दिसला, की लोक विचारतात, "कोणत्या डोयाचं झालं?"

आजाराची दुसरी सावली याहून गडद होती. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये कुष्ठरोग्यांसाठी काम उभं केलं, पुढं वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी आनंदवन उभारलं. कुष्ठरोगात पापण्या मिटवणारी नस निकामी झाली तर डोळा नीट मिटत नाही, बुबुळ बधिर झालं तर धूळ गेलेली कळत नाही आणि त्याला जखम होते. अशा माणसाला दिवसभर चष्मा लागतोच. पण गावाने त्या चष्म्याचा अर्थ लावला तो भीतीचा. डोळे येण्याच्या साथीनेही हेच केलं. १९७१ ला ही साथ देशभर फिरली, बंगालात तर लोकांनी तिचं नाव ‘जय बांगला’ ठेवलं. अलीकडे २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात पुन्हा साथ आली तेव्हा बुलढाणा जिल्ह्यात मोठ्या संख्येने रुग्ण होते. नजरेला नजर भिडली की डोळे येतात, असा समज आजही पक्का आहे. तो खरा नाही. साथ पसरते हाताने, रुमालाने, टॉवेलने, उशीच्या अभ्र्याने. डोळे आलेल्या माणसाने गॉगल घरात लावावा तो स्वतःला उजेड टोचू नये आणि हात सारखा डोळ्याकडे जाऊ नये म्हणून. शेजाऱ्याचं रक्षण गॉगलने होत नाही, साबणाने होतं.

तर गावाच्या मनात हे सगळं एकावर एक साचलेलं आहे: रोगी, साहेब आणि हिरो. यातल्या कुणाचेच डोळे दिसत नाहीत. आणि आपल्याकडे बोलणं डोळ्यांनी होतं. उसने पैसे मागणारा खरं बोलतो का, जावई मनातून खूश आहे का, हे डोळे पाहूनच ठरतं. त्यामुळे मयतीला गॉगल चालत नाही, देवळात चालत नाही, मुलगी पाहायला गेल्यावर चालत नाही. मोटरसायकलवरून जाताना ओळखीचं माणूस भेटलं तर गाडी थांबवायची, गॉगल कपाळावर घ्यायचा आणि मगच "रामराम" म्हणायचं. हा नियम मला मनापासून आवडतो आणि मी तो पाळतो. सरकारी दरबारातही त्याचं कडक रूप दिसलं. २०१५ मध्ये आमच्या गडचिरोलीपलीकडच्या बस्तरच्या तेव्हाच्या जिल्हाधिकाऱ्यांनी पंतप्रधानांचं स्वागत गॉगल लावून केलं, म्हणून छत्तीसगड सरकारने त्यांना ताकीद दिली. तेही मे महिन्यात. त्यावर देशभर वाद झाला, आणि ज्यांना ऊन माहीत होतं त्यांनाही बाजू घेणं सोपं गेलं नाही.

उजेडानुसार काळी होणारी काच १९६० च्या दशकात आली तेव्हा हा पेच सुटेल असं वाटलं होतं. बाहेर काळी, घरात पांढरी. आमच्या मास्तरांनी हौसेने ती बसवून घेतली. पण घरात आल्यावर ती पांढरी व्हायला काही मिनिटं लागतात, तेवढ्यात मोठ्या माणसासमोर व्हायचा तो अपमान होऊन जातो. शिवाय हवा जितकी तापलेली, तितकी ही काच कमी काळी होते. ४५ अंशांत, जिथं तिची खरी गरज, तिथं ती अर्धवटच काळवंडते.

जत्रेतल्या गॉगलबद्दलही सांगायला हवं. काच काळी आहे म्हणजे ती किरण अडवते असं नाही. काळ्या काचेमागे डोळ्याची बाहुली मोठी होते, आणि काचेत अतिनील किरण अडवण्याची सोय नसेल तर आत जास्त किरण शिरतात. उलट साधा पांढरा पॉलिकार्बोनेटचा चष्मा हे किरण अडवतो. घेताना रंग पाहू नये, ‘यूव्ही ४००’ (अतिनील किरण अडवत असल्याची खूण) लिहिलंय का आणि दुकानदार त्याची खात्री देतो का, ते पाहावं. डोळ्याच्या कोपऱ्यातून बुबुळाकडे सरकत येणारा मांसाचा पडदा आमच्या शेतकऱ्यांत नेहमी दिसतो. ऊन, वारा, धूळ ही त्याची मुख्य कारणं. सुश्रुताने त्याला ‘अर्म’ म्हटलं आहे आणि तो कापायची रीतही सांगितली आहे, इतका तो जुना.

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या उंचीएवढी वाढली होती, आणि पंपाचं बारीक तुषार थेट तोंडावर येत होतं. दवाखान्यात आलेल्या कितीतरी जणांनी पहिली तक्रार सांगितली ती डोळ्यांची: अंधारी येते, दिसत नाही. त्यानंतर फवारणीचे किट वाटले गेले, त्यात चष्माही होता. शेतात तो फार कमी दिसतो. आत वाफ धरते, घाम उतरतो, आणि मजुरी करणाऱ्या पोराला धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, कुणीतरी ओरडतंच, "अबे हिरो!" बाईने लावला तर मग विचारूच नका. निंदण आणि वेचणी बायाच करतात, सर्वांत जास्त तास उन्हात त्याच असतात, आणि काळा चष्मा घालायची मुभा सर्वांत कमी त्यांनाच.

माझ्या काकूचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन आता तीन वर्षं झाली. दवाखान्यातून मिळालेला काळा चष्मा ती अजून वापरते. सकाळी कमरेला कापसाची ओटी बांधून वेचायला निघाली की पदराच्या आत तो चढवते, आणि कपाशीची ओळ संपून धुऱ्यावर आली, समोर सासरचं कुणी दिसलं, की काढून ओटीत टाकते. मागच्या वेचणीला एका नव्या सुनेने तिला विचारलं, "काकू, अजून डोया दुखते काय?" काकूने चष्मा पुसला, परत लावला आणि म्हणाली, "नाही दुखत व माय. पण डाक्टरनं सांगतलं हाय म्हणलं, की कोणी काही बोलत नाही."