इम्पॅक्ट रेंच घेताय? आधी तुमची बॅटरी दाखवा

कॉर्डलेस इम्पॅक्ट रेंच, म्हणजे फटके देत नट-बोल्ट सोडवणारं बॅटरीचं मशीन, परत घेऊन येणाऱ्यांची तक्रार बहुतेक एकच असते: "खोक्यावर एवढा टॉर्क लिहिलाय आणि साधा चाकाचा नट हलत नाही." टॉर्क म्हणजे नट फिरवणाऱ्या पिळाचा जोर. आम्ही मशीन तपासण्याआधी त्याला लावलेली बॅटरी पाहतो. बहुतेक वेळा ती ड्रिलबरोबर आलेली, दीड-दोन अँपिअर-अवर क्षमतेची छोटी बॅटरी निघते. मशीन नुसतं घेतलेलं असतं, बॅटरी घरचीच. तिच्या जागी ४ किंवा ५ अँपिअर-अवरची बॅटरी लावली की तेच मशीन तसाच नट सोडवून दाखवतं. ग्राहकाची फेरी वाया जाते, आमचाही वेळ जातो. हे पत्रक मुख्यतः त्यासाठी छापलं आहे.

छोट्या बॅटरीने एवढा फरक का पडतो? इम्पॅक्ट रेंच नटाला सलग पीळ देत नाही. आत मोटरवर फिरणारा एक हातोडा असतो. नट अडला की हातोडा स्प्रिंग दाबत मागे सरतो, सुटतो आणि पुढच्या ऐरणीवर, म्हणजे नट फिरवणाऱ्या दांड्यावर, फिरता फटका मारतो. मिनिटाला असे दोन-तीन हजार फटके बसतात, म्हणून एवढा जोर लागूनही मनगटाला फारसा पीळ बसत नाही. फटक्यातली ऊर्जा हातोड्याच्या वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलते. वेग १० टक्क्यांनी उतरला तर ऊर्जा जवळपास १९ टक्क्यांनी उतरते.

आता बॅटरी. १८ व्होल्टच्या छोट्या बॅटरीत पाच सेल एकामागे एक जोडलेले असतात. ४-५ अँपिअर-अवरच्या बॅटरीत बहुधा अशा पाच-पाचच्या दोन ओळी असतात, काही नव्या बॅटऱ्यांत पाचच पण मोठे सेल. अडलेल्या नटावर मोटर भरपूर करंट ओढते. तो सगळा भार एकाच छोट्या ओळीवर आला की व्होल्टेज खाली बसतं, हातोडा मंदावतो आणि फटके नुसते वाजतात. हे घरी सहज ओळखता येतं. बॅटरीचे दिवे पूर्ण पेटलेले असतात, ट्रिगर दाबल्यावर पहिले दोन-तीन सेकंद आवाज करकरीत येतो, मग जड आणि संथ होतो. कधी मशीन मध्येच बंद पडतं आणि थोडं थांबून पुन्हा चालू होतं. असं झालं तर बिघाड मशीनमध्ये शोधण्याआधी बॅटरी बदलून पाहा. गारठ्यात ठेवलेली बॅटरी आणखी लवकर बसते.

"२० व्होल्ट मॅक्स" लिहिलेली बॅटरीही त्याच पाच सेलची असते. पूर्ण चार्ज झाल्यावरचा आकडा २०, कामाचा १८. व्होल्ट जास्त दिसतात म्हणून ती घेऊ नका.

आम्ही आधी बॅटरी विचारतो तेव्हा काहींना वाटतं, मोठी बॅटरी गळ्यात मारायची आहे. तसं नाही. त्याच कंपनीच्या त्याच मालिकेची ४ अँपिअर-अवरची बॅटरी तुमच्याकडे असेल तर आम्ही नुसतं मशीन देतो आणि बॅटरी घेऊ नका असंच सांगतो. आमच्या टेबलावर टॉर्क रेंचने, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने, ठरावीक मापाला आवळलेला बोल्ट आहे. आपली बॅटरी आणा, मशीनला लावा आणि स्वतः चालवून बघा. विक्रीला थोडा वेळ जास्त लागतो, पण परत येणारी मशीनं कमी होतात.

टॉर्क किती हवा, हे तुमच्या कामावर ठरतं. प्रवासी गाड्यांच्या चाकांचे नट साधारण ८० ते १४० न्यूटन-मीटरला आवळायचे असतात. गंजलेला नट सोडवायला त्याहून बराच जास्त जोर लागतो. चाकं, ब्रेक कॅलिपरचे ब्रॅकेट आणि सस्पेन्शनचे बहुतेक बोल्ट यांच्यासाठी ३०० ते ५०० न्यूटन-मीटरचं आटोपशीर मशीन भागवतं. हब नट किंवा क्रँक पुलीचा बोल्ट सोडवायचा असेल तरच हजाराच्या पुढचं मशीन घ्या. ते बॅटरीसकट तीन किलोच्या आसपास जातं आणि गाडीखाली आडवं पडून धरताना हात लवकर भरून येतो. खोक्यावरचा सर्वांत मोठा आकडा बऱ्याचदा नट सोडवण्याचा असतो, आवळण्याचा वेगळा आणि कमी असतो. आकडा फूट-पाउंडात असेल तर १.३६ ने गुणा, म्हणजे न्यूटन-मीटर मिळतील. ३०० फूट-पाउंड म्हणजे सुमारे ४०७.

सॉकेट (नटावर बसणारी टोपी) ज्यावर बसतो तो मशीनचा पुढचा चौकोन चार सुती, म्हणजे अर्धा इंची घ्या. पाव इंची षटकोनी तोंडाचं मशीन हा इम्पॅक्ट ड्रायव्हर. तो स्क्रूसाठी चांगला, त्यावर अडॅप्टर लावून चाकाचे नट खोलायला जाऊ नका. तीन सुतीचं मशीन अडचणीच्या जागी उपयोगी पडतं, पण घरात एकच घ्यायचं असेल तर चार सुतीच.

सॉकेटच्या बाबतीत आम्ही थोडे हट्टी आहोत. हाताच्या रॅचेटचे चकचकीत क्रोम सॉकेट मशीनवर लावू नका. ते कडक असतात आणि फटक्यांनी तडकतात, तुकडा डोळ्यात जाऊ शकतो. इम्पॅक्टचे सॉकेट काळे, जाड भिंतीचे, बहुधा क्रोम-मॉलिब्डेनमचे असतात. सहा कोनी घ्या. चाकांसाठी १७, १९ आणि २१ मिलिमीटर ही मापं बहुतेक गाड्यांना पुरतात. लांब एक्स्टेन्शन आणि युनिव्हर्सल जॉइंट लवचीक असल्यामुळे बराच जोर तिथेच मुरतो. नट हलत नसेल तर ते काढून सॉकेट थेट मशीनवर लावा. चालवताना चष्मा घाला.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो: चाकाचे नट मशीनने शेवटपर्यंत आवळू नका. ट्रिगर एखादा सेकंद जास्त दाबला गेला तरी स्टड (नट ज्यावर फिरतो तो चाकाचा बोल्ट) ताणला जातो, आटे मरतात, आणि नट एकसारखे न आवळल्याने ब्रेकची डिस्क वाकडी बसू शकते. रस्त्यात पंक्चर झालं तर गाडीतल्या पान्याने तो नट सुटत नाही. नट आधी बोटांनी तीन-चार आटे फिरवून लावा, मग हलक्या हाताने समोरासमोरचे आवळत जा. शेवटचं माप टॉर्क रेंचने, गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्याला. ५०-१०० किलोमीटर चालल्यावर पुन्हा एकदा तपासा. म्हणूनच आम्ही मशीनबरोबर टॉर्क रेंच दाखवतो. तो आधीपासून असेल तर दुसरा घेऊ नका. चोरीरोधक लॉक नट, ऑइलचा ड्रेन बोल्ट आणि स्पार्क प्लग यांवर मशीन वापरूच नका, तिथे हाताचा पाना बरा.

नट जाम असेल तर पाच-सात सेकंद फटके देऊन थांबा. गंज सोडवणारा स्प्रे मारून त्याला वेळ द्या, थोडं आवळायच्या दिशेने फिरवून मग उलटं चालवा. सलग मिनिटभर ट्रिगर दाबून धरल्याने बॅटरी आणि मोटर तापते, नट मात्र तिथेच राहतो.

मशीन बघायला येताना तुमच्याकडची बॅटरी, चाकाच्या नटाचं माप आणि गाडीच्या पुस्तिकेतल्या टॉर्कच्या पानाचा फोटो घेऊन या.