भारतीय बायकांना मताचा हक्क आयता मिळाला?

"इंग्लंडच्या बायकांनी तुरुंग भोगले, आपल्याकडे 1950 साली घटनेने मत आयतंच हातात दिलं." दर निवडणुकीला हा मेसेज फिरतो. अर्धवट माहिती आहे ही.

सरोजिनी नायडूंच्या पुढाकाराने महिलांचं शिष्टमंडळ मताचा हक्क मागायला ब्रिटिश सरकारचे भारतमंत्री माँटेग्यू यांना भेटलं ते 1917 मध्ये. पुढे मत कोणाला द्यायचं हे ठरवणाऱ्या साउथबरो समितीने ही मागणी फेटाळली. तेव्हा मुंबईच्या हिराबाई टाटा लेकीला, मिठनला, घेऊन 1919 साली थेट लंडनला गेल्या आणि संसदीय समितीसमोर बाजू मांडली. (हीच मिठन पुढे मुंबई हायकोर्टातली पहिली महिला वकील.) तरी ब्रिटिशांनी निर्णय प्रांतांवर ढकलला. 1921 मध्ये मद्रास आणि मुंबईने दार उघडलं, पण मालमत्तेची अट ठेवून. म्हणजे मूठभर बायकांसाठीच.

सरसकट हक्क घटनेने दिला, हे खरंच. पण तिथेही गंमत बघा. पहिल्या निवडणुकीच्या मतदारयाद्या करताना, मुख्यतः उत्तरेत, अनेकींनी स्वतःचं नावच सांगितलं नाही. 'अमक्याची आई', 'तमक्याची बायको' एवढंच. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन 'स्वतःचं नाव हवंच' म्हणून अडून बसले आणि सुमारे 28 लाख नोंदी यादीतून वगळल्या गेल्या. टीका झालीच, पण पुढच्या निवडणुकीपर्यंत बऱ्याच जणी स्वतःच्या नावाने यादीत आल्या.