मणक्याचे ऑपरेशन आणि भरपाईचा कायदा : पार्श्वभूमी

वैद्यकीय हलगर्जीपणाबद्दलच्या आपल्याकडच्या पायाभूत निकालांपैकी एक पुण्यातल्या प्रकरणावरचा आहे. मे १९५३ मध्ये कोकणात पालशेतच्या किनाऱ्यावर विशीतल्या एका तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. पुण्यातल्या खासगी रुग्णालयात पूर्ण भूल न देता, जोर लावून ते बसवण्यात आले आणि तो दगावला. जोशी विरुद्ध गोडबोले या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये डॉक्टरची तीन कर्तव्ये सांगितली : रुग्ण हाती घ्यायचा की नाही, कोणते उपचार द्यायचे आणि ते कसे करायचे, या तिन्ही ठिकाणी रास्त काळजी. भरपाई मिळाली ३,००० रुपये.

मणक्याच्या शस्त्रक्रियेत ही तिन्ही कर्तव्ये पणाला लागतात, कारण तिथे जागाच नसते. मज्जारज्जू साधारण कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. खाली नसांचा जुडगा असतो. एल-४ आणि एल-५ (कमरेचा चौथा आणि पाचवा मणका) यांमधली सरकलेली गादी काढताना नस ओढली गेली, तर पाऊल वर उचलता येत नाही. नसांवरचे आवरण फाटले तर आतले पाणी झिरपते आणि उठून बसताच डोके ठणकते. मणके जोडण्यासाठी बसवलेला स्क्रू हाडाबाहेर जाऊ शकतो, जंतुसंसर्ग होऊ शकतो. चुकीच्याच मणक्यावर ऑपरेशन होण्याचा धोकाही खरा आहे, विशेषतः कमरेच्या मणक्यांची रचना जन्मतः वेगळी असेल तेव्हा. म्हणून टेबलावर सी-आर्मखाली (ऑपरेशनच्या वेळी वापरायचे एक्स-रे यंत्र) मणका मोजून घ्यायचा असतो.

यातली बरीच गुंतागुंत निष्णात हातांतूनही होते आणि तेवढ्यावर दावा टिकत नाही. खरा प्रश्न नंतरच्या तासांचा असतो. ऑपरेशननंतर पायातली ताकद कमी होत गेली, लघवी अडकली, बैठकीची जागा बधिर झाली, तर आत रक्त साचून नसा दबत असू शकतात. अशा वेळी लगेच तपासणी, एमआरआय आणि गरज पडल्यास पुन्हा ऑपरेशन लागते. ‘सूज आहे, उतरेल’ म्हणत रात्र काढली असेल, तर हलगर्जीपणाचा मुद्दा तिथे उभा राहतो. म्हणून नर्सिंग चार्टवरच्या वेळा आणि ऑपरेशनआधी पायांची ताकद किती होती ही नोंद, दोन्ही फार मोलाच्या.

सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या शांता निकालाने पैसे घेऊन दिलेले उपचार ग्राहक कायद्याखाली आले, विम्याने बिल भरले असले तरी. सर्वांना मोफत सेवा देणारी रुग्णालये मात्र वगळली गेली. २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालाने फौजदारी गुन्ह्यासाठी घोर निष्काळजीपणाची अट घातली. पोलिसांनी आधी तज्ज्ञ डॉक्टरांचे मत घ्यायचे. २००८ च्या समीरा कोहली निकालाने संमतीपत्रावरची नुसती सही पुरेशी नाही हे स्पष्ट केले : धोके आणि पर्याय समजावलेले असायला हवेत. पुढच्याच वर्षी हैदराबादच्या प्रकरणाचा निकाल आला. छातीतली गाठ काढताना अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याचे दोन्ही पाय कायमचे गेले होते. गाठ मणक्याला भिडलेली असून न्यूरोसर्जन सोबत नव्हता आणि संमती फक्त तपासणीपुरती गाठ काढण्याची होती. ऑपरेशन १९९० चे, एक कोटीची भरपाई २००९ मध्ये. एकोणीस वर्षे हा अन्यायच आहे.

आज २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा लागू आहे. कोणत्या ग्राहक आयोगाकडे जायचे ते मागितलेल्या भरपाईवर नाही, भरलेल्या बिलावर ठरते : ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग, म्हणून पुण्याच्या रहिवाशाची बहुतेक प्रकरणे पुण्यातच चालतात. बिल ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. डॉक्टरांची नोंदणी करणारी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल डॉक्टरवर कारवाई करू शकते, भरपाई देत नाही.

कागद आधी मागा, लेखी आणि पोच घेऊन : ऑपरेशन नोट, भुलेचा चार्ट, संमतीपत्र, एमआरआयच्या फिल्म व सीडी. नियमाने ते ७२ तासांत मिळायला हवेत. मग दुसऱ्या स्पाइन सर्जनचे लेखी मत घ्या. तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे. फिजिओथेरपीत ती सहज निघून जाते. उशीर माफ होऊ शकतो, पण सबळ कारण दाखवावे लागते.